कुशीवर झोपणाऱ्यांनी गादी घेताना नेमकं काय पाहायचं?

झिरो_माईल | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. गेले चार महिने सकाळी उठलो की माझा उजवा खांदा भरून आलेला असतो, कधी कधी करंगळीपर्यंत मुंग्या. मी लहानपणापासून कुशीवर झोपणारा. उताणा झोपलो तरी अर्ध्या तासात आपोआप उजवी कूस धरतो. घरची गादी कॉयरची (नारळाच्या काथ्याची), नऊ वर्षं जुनी, बॉक्स बेडवर टाकलेली. मधे दोन खड्डे पडलेत, एक माझा आणि एक बायकोचा.

रविवारी इथे नागपुरात सीताबर्डी आणि मग इतवारी अशी सहा दुकानं फिरून आलो. सगळीकडे एकच उत्तर, "ऑर्थो घ्या साहेब," म्हणजे पाठीसाठी म्हणून विकतात ती कडक गादी. मी म्हणतो पाठ नाही भाऊ, खांदा दुखून राहिला, तर म्हणे "त्याच्यावरही ऑर्थोच." एकानं गादीवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि शेजारी हात आपटून दाखवला. ग्लास सांडला नाही हे खरं, पण त्यावरून माझ्या खांद्याचं काय होईल हे मला कसं कळणार?

माझं वजन ७८, बायकोचं ५४, तीही कुशीवरच झोपते. साईज ७८ बाय ७२ इंच, बजेट २५ हजार. दुकानात उभं राहून नेमकं काय तपासायचं हे कोणी नीट सांगेल का?

तर्रीवाला | सोमवार, रात्री १०:५८

गादी फेक बापा, जमिनीवर सतरंजी टाक. पंचवीस हजारात वर्षभर तर्री पोहे होतात.

वऱ्हाडी_ठसका | सोमवार, रात्री ११:१०

तर्रीवाला +१. आमचे आबा ८६ वर्षांचे होऊन गेले, आयुष्यभर दरीवर झोपले, कधी कंबर धरून बसलेले पाह्यले नाही. हे मऊ गाद्यांचे लाड आत्ता आत्ता सुरू झाले. कडक गादी घे, पंधरा दिवस त्रास होईन, मंग अंग आपोआप सवय करून घेते.

रातराणी | मंगळवार, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धंतोलीत प्रॅक्टिस करते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

उताणं झोपलं की वजन पाठ, नितंब, पोटऱ्या असं पसरतं. कुशीवर झोपलं की तेच सगळं वजन दोन ठिकाणी येतं, खांदा आणि खुबा. खुब्याला बाहेरून हात लावला की जे टणक हाड लागतं ना, ते. तिथे मांस कमी, हाड वरच. गादी कडक असेल तर ही दोन टोकं आत जात नाहीत, खांदा कानाकडे ढकलला जातो आणि कंबर मधे लोंबकळत राहते. गादी फार मऊ असेल तर उलट होतं, खुबा खोल जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. म्हणून कुशीवाल्यांना वरचा थर खांदा-खुबा आत घेणारा आणि खालचा थर उचलून धरणारा असा लागतो.

दुकानात तीन गोष्टी करा. एक, आपली उशी घरून घेऊन जा आणि ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर किमान पंधरा मिनिटं पडा, कारण खांद्यावरचा दाब पहिल्या दोन मिनिटांत जाणवतच नाही. दोन, सोबतच्या माणसाला पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. तीन, कंबरेच्या खाचेत हात घालून पाहा. हात सुळकन आरपार गेला तर गादी कडक, हात शिरलाच नाही तर फार मऊ, आणि थोडं ढकलून गेला तर बरोबर.

आणि झिरो_माईल, करंगळीपर्यंत मुंग्या येतात म्हणता, ते आधी डॉक्टरांना दाखवा. मानेतून, कोपरातून, कुठूनही नस दबू शकते. शुगर असेल तर फ्रोझन शोल्डरही बघावं लागतं, त्याचं दुखणं रात्रीच जास्त असतं. सगळ्याचा दोष गादीला देऊन चालत नाही.

वऱ्हाडी_ठसका | मंगळवार, सकाळी ९:०५

म्याडम, तुमच्यासारखे डॉक्टर लोकच तर सांगत होते ना की प्लायवर झोपा, कडक झोपा? आमच्या काकूले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून तसंच सांगितलं होतं. आता उलटं काऊन?

रातराणी | मंगळवार, दुपारी १:४०

@वऱ्हाडी_ठसका, बरोबर आठवतंय तुम्हाला. पूर्वी कंबरदुखीला सर्रास कडक बिछाना सांगत. मग २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखीचे ३१३ लोक घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम-कडक, आणि ९० दिवसांनी पाहिलं. मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं आणि हालचालीचा त्रास जास्त कमी झाला होता. तो अभ्यास कंबरदुखीचा होता, खांद्याचा नाही, हेही सांगते. पण "जितकं कडक तितकं चांगलं" हे तिथेच मोडलं.

तुमच्या आबांचं म्हणाल तर ते बहुतेक उताणे झोपत असतील आणि दिवसभर शेतात राबत असतील. ते शरीर वेगळं. आठ तास खुर्चीत बसून आलेला, ७८ किलोचा माणूस कुशीवर सतरंजीवर झोपला की खुब्यावर काळंनिळं व्हायचंच बाकी राहतं.

वऱ्हाडी_ठसका | मंगळवार, दुपारी २:१५

आबा उताणेच झोपत. आणि घोरतही लै. हे मात्र तुम्ही बरोबर ओळखलं.

तर्रीवाला | मंगळवार, दुपारी २:१९

आबांचं घोरणं ऐकून गल्लीतले बाकी सगळे कुशीवर झोपत असतील, एक कान उशीत खुपसून 😀

एमआयडीसी_हिंगणा | मंगळवार, रात्री ९:३०

मी एका फोम कारखान्यात क्वालिटी विभागात ११ वर्षं काढली, आता दुसऱ्या लाईनमध्ये आहे, त्यामुळे मोकळेपणानं सांगतो.

पहिली गोष्ट, 'ऑर्थो' हा छापायचा शब्द आहे. अमुक कडकपणा असला तरच ऑर्थो म्हणायचं असं काही बंधन नाही. दुकानातल्या बऱ्याच ऑर्थो गाद्या रीबॉन्डेड फोमच्या असतात. म्हणजे फोम कापून उरलेला चुरा गोंद घालून, दाबून त्याचा ठोकळा करतात. त्याची खूण सांगतो, चेन उघडून पाहा, आत लाल-निळे-पिवळे रंगीबेरंगी तुकडे दिसतील. टिकायला चांगला, खालच्या थराला उत्तम, पण कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याखाली थेट तोच आला तर दगडच.

दुसरी गोष्ट, डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार त्या एकच करून सांगतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, ३२ म्हणजे ३२ किलो, ४० म्हणजे ४० किलो. त्यावरून गादी किती वर्षं बसणार नाही याचा अंदाज येतो. कडकपणा वेगळा मोजतात, फोमच्या तुकड्यावर गोल चकती ठेवून ती ठरावीक टक्के खाली जायला किती जोर लागतो ते बघतात. जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि कमी डेन्सिटीचा कडक असू शकतो. कमी डेन्सिटीचा कडक फोम सगळ्यात फसवा, दुकानात टणटणीत लागतो आणि दीड वर्षात बसतो.

आता कामाची युक्ती, गादीचं वजन करा. तुमची ७८ बाय ७२, सहा इंची गादी म्हणजे साधारण ०.५५ घनमीटर. अख्खी ३२ डेन्सिटीची असेल तर नुसता फोम साडेसतरा किलो भरला पाहिजे, ४० ची असेल तर २२. पाच इंच ३२ चा आणि वर एक इंच ५० डेन्सिटीचा मेमरी फोम (अंगाच्या दाबानं आणि उबेनं हळूहळू आकार घेणारा) असं सांगितलं असेल तर १९ किलोच्या आसपास. त्यात खोळीचं वजन वेगळं. सामानाचा हातकाटा स्वस्तात मिळतो. "४० डेन्सिटी" सांगून १५ किलोची गादी देत असेल तर सरळ विचारा.

झिरो_माईल | मंगळवार, रात्री ९:५२

@एमआयडीसी_हिंगणा, हे वजनाचं सोनं आहे भाऊ, सहा दुकानांत एकानंही सांगितलं नाही. मेमरी फोमबद्दल एकजण म्हणाला "नासावाला फोम आहे," त्यात तथ्य आहे का?

एमआयडीसी_हिंगणा | मंगळवार, रात्री १०:०५

मूळ शोध नासाचाच. १९६६ च्या सुमारास त्यांच्या एम्स (Ames) संशोधन केंद्राच्या कामातून, विमानाच्या सीटमध्ये धक्का शोषून घ्यावा म्हणून तो निघाला. पण आज बाजारात जे मिळतं ते ज्या त्या कारखान्याचं, त्यात चांगलं-वाईट दोन्ही. नासाच्या नावाचे वेगळे पैसे देऊ नका.

कूलरपुढे | बुधवार, सकाळी ८:१५

नागपूरकरांनी मेमरी फोम घेताना जी गोष्ट आधी पाहिली पाहिजे ती अजून कोणी लिहिलीच नाही म्हणून लिहितो. हा फोम तापमानाप्रमाणे बदलतो, गरमीत मऊ, थंडीत कडक. मी मे महिन्यात घेतला, दुकानात एसी सुरू, फोम छान घट्ट लागला, मध्यम वाटला म्हणून घेऊन आलो. घरी आमच्याकडे कूलर, दुपारी कूलर बंद असला की खोली ३८-४० ला. गादीत असा रुतलो की कूस बदलायला दोन्ही हात टेकवावे लागत. पाठीला घाम, चादर चिकटलेली. आणि डिसेंबरात तीच गादी पाटासारखी, पहिली दहा मिनिटं अंगाच्या उबेनं ती नरम व्हायची वाट पाहत पडायचं.

आपल्या गावात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंश नोंदलं गेलंय. एवढ्या टोकांत एकच मेमरी फोम बारा महिने सारखा राहील ही अपेक्षाच चुकीची. घ्यायचाच तर वरचा थर इंचभराचा पुरे, तीन-चार इंचाचा नको. आणि ज्या तापमानात झोपता त्या तापमानात तपासा, दुकानदाराला एसी बंद करायला सांगायला लाजू नका.

निंबोळी | बुधवार, सकाळी ११:३०

कूलरपुढे यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात भर म्हणजे कूलरची दमट हवा. आमच्या बॉक्स बेडचा प्लाय खालून पूर्ण बंद, वर आठ इंची फोम. पावसाळ्यात गादी उचलली तर खाली काळे ठिपके, कुबट वास. सुताराला बोलावून प्लायला दीड-दीड इंचाची भोकं पाडून घेतली, आता महिन्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून खाली पंखा लावते. नवी गादी घ्यायच्या आधी झिरो_माईल तुम्हीही हे करा.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. पंधरा मिनिटं दुकानात कुशीवर पडून पाहा म्हणता, बाईमाणसानं हे कसं करायचं? समोर दोन पोरं उभी, दुकानदार उभा, रस्त्यावरून लोक बघतात. मी मागच्या वेळी काठावर बसून, हातानं दाबून गादी घेतली आणि चुकली. साडी नेसून तर शक्यच नाही.

रातराणी | बुधवार, दुपारी १२:१०

@निंबोळी, फार महत्त्वाचं बोललात, माझ्या निम्म्या पेशंट बायका याच कारणानं न झोपता गादी घेतात आणि मग माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार जा, तेव्हा दुकान रिकामं असतं. सोबत बहीण, नणंद, मैत्रीण कोणी तरी घ्या. सलवार घाला, एक ओढणी किंवा पातळ चादर न्या अंगावर घ्यायला. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा, "दादा, पंधरा मिनिटं आम्हाला एकटं सोडा." मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर गाद्या असतात, तिथे पाहा. पंचवीस हजार आपण देतोय आणि दहा वर्षं आपण झोपणार, त्याच्यापुढे पंधरा मिनिटांचा संकोच सोडायलाच हवा.

अंबाझरी_काठ | बुधवार, दुपारी १२:४५

आम्ही तिघी जावा मिळून गेलो होतो, मधल्या जावेनं पडून पाहायचं, आम्ही दोघी पडद्यासारख्या उभ्या. दुकानदारानं तिघींना थंडगार पन्हं पाजलं. गादीही छान निघाली.

पिंजण | बुधवार, संध्याकाळी ६:५०

माझ्या सासरी, नागपूरच्या महाल भागात, गाद्या भरायचं काम होतं, आता बंद झालं. सगळे फोमवर बोलताहेत म्हणून कापसासाठी लिहिते. कापसाच्या मुलखात राहतो आपण, कापूस संशोधनाची केंद्रीय संस्थासुद्धा वर्धा रोडला आहे, आणि घरात कापसाची गादी मात्र पाहुण्यांपुरती, तीही पेटीत.

नवी पिंजलेली कापसाची गादी कुशीवर झोपायला खरंच चांगली असते. हवा खेळते, उन्हाळ्यात पाठ भिजत नाही, खांदा हलकेच आत जातो. पण हे पहिलं वर्षभर. नंतर जिथे खुबा येतो तिथला कापूस दबून गोळा होतो आणि तिथेच ती कडक होते. म्हणून दोन-तीन वर्षांनी उसवून, पिंजून पुन्हा भरायची असते. ते न करता लोक म्हणतात कापसाची गादी टोचते. आणि कापूस कोणता ते विचारा, गिरणीतला वेस्ट भरलेला असेल तर सहा महिन्यांत गाठी. आखूड धाग्याचा देशी कापूस जरा खरबरीत असतो, तो लवकर बसत नाही. गादी भरताना आपण समोर बसावं, आमच्याकडे जुनी गिऱ्हाइकं चहा पीत समोर बसून राहत आणि सासरेबुवांना त्याचा कधी राग आला नाही.

अजून एक. कापसाची गादी उन्हात टाका, मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस, चांगलीच. पण ती सवय म्हणून फोम किंवा लॅटेक्सची (रबराच्या फोमची) गादी गच्चीवर नेऊ नका. लॅटेक्स उन्हानं चिरकतं, भुगा होतो. माझ्या भावाकडे आईनं मायेनं नव्या कोऱ्या लॅटेक्सला चार दिवस ऊन दाखवलं, गादी गेली. सावलीत, वाऱ्याला ठेवायची ती.

वऱ्हाडी_ठसका | बुधवार, रात्री ८:०२

पिंजणताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईची आठवण आली. दिवाळीच्या आधी पिंजारी दारात यायचा, त्या धनुकलीचा आवाज टुंग टुंग टुंग, अंगणभर कापूस उडायचा आणि आम्ही पोरं त्यात लोळायचो. त्या नव्या गादीवर पहिल्या दिवशी कोण झोपणार यावरून मारामारी.

फुटाळा_संध्याकाळ | बुधवार, रात्री ९:४०

ऑनलाईनचा अनुभव. १०० रात्रींची ट्रायल म्हणून एका कंपनीकडून मागवली, नाव घेत नाही. चाळीस रात्रींनंतर डावा खुबा दुखायला लागला म्हणून परत करायची म्हटलं, तर आधी म्हणाले खोक्यासकट द्या, मग म्हणाले टॉपर (गादीवर टाकायचा पातळ थर) लावून बघा, मग म्हणाले आणखी वीस दिवस थांबा. शेवटी घेऊन गेले, पैसेही आले, पण दोन महिने आणि बारा-पंधरा फोन लागले. ऑनलाईन वाईट म्हणत नाही, माझ्या बहिणीला दुसरीकडे चार दिवसांत पैसे मिळाले. पण मागवण्याआधी तीन ओळी वाचा: परत न्यायला तुमच्या पिनकोडवर माणूस येतो का, प्लास्टिक-खोकं जपून ठेवावं लागतं का, आणि खास मापात कापून घेतलेली गादी परत होते का. बऱ्याच ठिकाणी खास मापाची होत नाही.

दिवाण_ए_खास | बुधवार, रात्री १०:१५

मापावरून आठवलं. बॉक्स बेड सुतारानं केलाय की तयार घेतलाय? तयार गाद्या ७२, ७५, ७८ इंच लांबीत येतात. आमच्या सुतारानं "सव्वासहा फूट" म्हणून केला तो आतून ७४ निघाला. ७५ ची गादी कोंबली, ती मधे फुगून राहिली, वर्षभर टेकडीवर झोपल्यासारखं. आतलं माप घ्या, दोन्ही कर्णांनी घ्या, काटकोन चुकलेला असतो.

संत्रा_बर्फी | गुरुवार, सकाळी १०:२०

मी आठव्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी आता कुशीवरच झोपायला सांगितलंय आणि मी जन्मभर उताणी झोपणारी. गादी बदलायची ताकद आणि वेळ दोन्ही नाही. काही उपाय?

रातराणी | गुरुवार, सकाळी १०:५५

@संत्रा_बर्फी, गादी बदलू नका, उशा वाढवा. एक गुडघ्यांच्या मधे, घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब, म्हणजे वरचा पाय खाली घसरून खुबा पिळणार नाही. एक पोटाखाली छोटी, एक पाठीशी लोडासारखी. गादी फार कडक वाटली तर खांदा-खुब्याच्या भागात जाड गोधडी दुहेरी घालून टाका. आणि रात्री जाग आल्यावर उताण्या दिसलात तर घाबरू नका, पुन्हा कूस घ्या आणि झोपा. शुभेच्छा, बाळाची बातमी इथे नक्की द्या.

गुडघ्यांमधली उशी बाकी सगळ्यांनाही सांगते, झिरो_माईल तुम्हालाही.

तर्रीवाला | गुरुवार, दुपारी १:०५

अवांतर: रातराणी म्याडम, सावजी खाल्ल्यावर डाव्या कुशीवर झोपावं म्हणतात ते खरं का? आमच्या घरी यावर शनिवारी रात्री वाद होतो.

रातराणी | गुरुवार, दुपारी १:३०

खरं आहे. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, त्यामुळे आंबट वर येणं कमी होतं, उजव्या कुशीवर वाढतं. पण जेवून दोन-तीन तासांनी झोपायचं हे त्याहून मोठं औषध.

आणि मूळ प्रश्नाला हे लागूही पडतं. झिरो_माईल, तुम्ही कायम उजवीकडेच झोपता, खांदाही उजवाच. डावी कूस करून पाहिलीत का? आणि उशी किती जाड आहे? कुशीवाल्याची उशी खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतची पोकळी भरेल एवढी हवी. उशी पातळ असली की माणूस नकळत हात उशीखाली घालतो आणि सगळा भार दंडावर घेतो. गादी बदलली की उशीही बदलावी लागते हे कोणी सांगत नाही. मऊ गादीत खांदा आत जातो, मग जुनी जाड उशी मान वर ढकलते.

झिरो_माईल | गुरुवार, रात्री ११:१५

म्याडम, तुम्ही घरात कॅमेरा लावलाय का? हात उशीखालीच असतो माझा, रोज.

एमआयडीसी_हिंगणा | शुक्रवार, सकाळी ८:४०

वजनाचा मुद्दा राहिला होता. ७८ आणि ५४ किलो, एकाच गादीवर. एकच गादी हलक्या माणसाला जास्त कडक लागते कारण तो वरचा थर पुरता दाबूच शकत नाही. तुम्हाला मध्यम वाटेल ती वहिनींना कडक वाटेल. म्हणून दोघांनी एकाच वेळी, शेजारी शेजारी, आपापल्या कुशीवर पडून पाहा. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, ती आपापली दबते. जुन्या बोनेल स्प्रिंगमध्ये सगळ्या तारेनं बांधलेल्या, एक हलली की शेजारची हलते. वजनात एवढा फरक असेल तर पॉकेट स्प्रिंग आणि वर दोन इंच मऊ फोम किंवा लॅटेक्स, हे मी तरी बघेन. किंवा ३६ इंची दोन गाद्या, पण मधली फट काही जणांना चालत नाही.

आणि जाड रजईसारखा, घट्ट बसणारा प्रोटेक्टर (गादीवर घालायची खोळ) लावू नका, खांदा आत जाऊच देत नाही. पातळ, ताणला जाणारा घ्या.

निंबोळी | शुक्रवार, सकाळी ९:१०

जुन्या कॉयरवर दोन इंची टॉपर टाकून नाही का भागणार? माझा तोच विचार सुरू आहे.

एमआयडीसी_हिंगणा | शुक्रवार, सकाळी ९:२५

गादी सपाट आणि नुसती कडक असेल तर भागेल, छान भागेल. खड्डा पडला असेल तर टॉपरही त्याच खड्ड्यात उतरतो. आडवी काठी ठेवून पाहा, काठीखाली इंचभर फट दिसली तर टॉपरवर पैसे घालू नका.

झिरो_माईल | रविवार, रात्री ९:३०

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो कारण हा धागा माझ्यासारख्या आणखी कोणाला कामाला येईल.

आधी डॉक्टर. मुंग्यांचं कारण कोपराशी निघालं, हात दुमडून उशीखाली घालून झोपण्यामुळे नस ताणली जात होती. खांद्याला व्यायाम दिलेत. म्हणजे निम्मा त्रास गादीचा नव्हताच. रातराणी म्याडम, तुमचे मनापासून आभार.

मग शनिवारी दुपारी अडीचला इतवारी. दोघं गेलो, दोन उश्या, हातकाटा आणि टेप घेऊन. बायकोनं माझ्या टीशर्टवर मानेपासून कंबरेपर्यंत मणक्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे सात तुकडे लावले. दुकानदार आधी हसला, मग चौथ्या गादीला त्यानंच माझा मोबाईल धरून फोटो काढला आणि म्हणाला, "याच्यावर पट्ट्या वाकून राहिल्या दादा, ही राहू द्या." रीबॉन्डेड ऑर्थोवर पट्ट्यांची रेघ कंबरेला खाली झुकलेली, सात मिनिटांत खांदा कळवळला. चार इंची मेमरीवर खुबा गेला आत आणि रेघ झोळीसारखी. एसी बंद करून पुन्हा पडलो तर आणखी खोल. कूलरपुढे, तुमची आठवण काढली.

शेवटी पॉकेट स्प्रिंग, वर दोन इंच लॅटेक्स, एकूण आठ इंच. पट्ट्या जवळजवळ सरळ, कंबरेखाली हात अडकत अडकत गेला. बायको पंधराव्या मिनिटाला खरंच झोपली, तिला उठवावं लागलं, तिथेच ठरलं. बजेटच्या तीन हजार वर गेलो. हातकाट्याचा उपयोग दुसऱ्याच गादीवर झाला, ४० डेन्सिटी सांगितलेली ७८ बाय ७२ ची सहा इंची गादी खोळीसकट सोळा किलो भरली. बेडचं माप आतून ७७ निघालं, म्हणून त्याच मापात करून मागवली आहे, दहा दिवस लागतील. प्लायला भोकं पाडायला सुतार उद्या येतोय.

आज तिसरी रात्र डाव्या कुशीवर, गुडघ्यात उशी घेऊन, जुन्याच गादीवर. हात बाहेर ठेवायची सवय अजून नाही लागली, बायको रात्री काढून ठेवते.

पिंजण | रविवार, रात्री ९:५५

फार छान. लॅटेक्स आहे, गच्चीवर नेऊ नका!

वऱ्हाडी_ठसका | रविवार, रात्री १०:१०

पट्ट्यांची आयडिया लै भारी. काकूले घेऊन जातो पुढच्या शनिवारी. तिची प्लायवरची गादी आता बदलूच. दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना भाऊ.

निंबोळी | रविवार, रात्री १०:३२

काठी ठेवून पाहिली. दीड इंच फट. मी आणि नणंद बुधवारी दुपारी जातोय. झिरो_माईल, पट्ट्या कोणत्या घेतल्या, कागदी की कापडी? कापडी सलवारीवर चिकटेल ना?

झिरो_माईल | रविवार, रात्री १०:४०

कागदी, रंगकामवाले लावतात ती. निघतेही सहज. हातकाटा हवा असेल तर माझा घेऊन जा, त्रिमूर्ती नगरला राहतो.